माझा खांदा कायम ऑनलाइन!

शनिवारी सकाळी दहा वाजता तुम्ही काय करता? झोपता. बरोबर आहे, तोच धर्म आहे. मी मात्र मागच्या महिन्यात एका शनिवारी एसी फुल्ल सोडलेल्या खोलीत, मोठ्या गळ्याचा ढगळ टॉप घालून स्टुलावर बसले होते आणि माझी शाळेतली मैत्रीण स्पिरिटच्या बोळ्याने माझा खांदा घासत होती. घासत म्हणजे अक्षरशः भांडी घासतात तसा!

‘‘अगं, सालटं निघेल!’’

‘‘नीट घासू दे. नाहीतर तुझ्या खांद्याऐवजी मला भिंतीतल्या वायरिंगचंच म्हणणं ऐकू येईल,’’ ती म्हणाली.

ही मैत्रीण फिजिओथेरपी करून आता पुण्यातल्या एका मूव्हमेंट लॅबमध्ये संशोधन करते. माणूस हलतो कसा, हे मोजणं हा तिचा धंदा. तिला प्रयोगासाठी माणसं हवी होती. आणि मला हवा होता पुरावा.

झालं असं, की गेले आठ महिने माझा उजवा खांदा दुखतोय. मान आणि खांद्याच्या मधोमध, जिथे पर्सचा बंद येतो ना, बरोब्बर तिथे. मी फ्रीलान्सर आहे. लेखांवर हौस भागते, घरभाडं मात्र रात्री बसून केलेल्या ट्रान्स्क्रिप्शनवर निघतं. हेडफोन कानाला, बोटं की-बोर्डवर, डेडलाइन डोक्यावर. मध्यंतरी खांदा इतका भरून आला, की घेतलेलं अर्धं काम परत करावं लागलं. त्या क्लायंटचा त्यानंतर फोन आलेला नाही. फ्रीलान्सरला सिक लीव्ह नसते, हे वाक्य मी तोपर्यंत फक्त विनोद म्हणून वापरायचे.

एक्स-रे काढला. नॉर्मल! ‘काही नाहीये, पोश्चर सुधारा.’ मग एक महागडी खुर्ची घेतली, तिचा ईएमआय चालू आहे आणि खांदाही चालूच आहे. एका काकांनी ‘आम्ही तीस वर्षं टाइपरायटर बडवला, कुणाचं काही दुखलं नाही’ हा फंडा ऐकवला. आणि आईचं एकच पालुपद, ‘‘रात्रीचं ते काम सोड, सगळं आपोआप थांबेल.’’ सगळ्यांच्या बोलण्यामागे एकच सूर. एक्स-रेमध्ये काही नाही, म्हणजे बाईसाहेबांच्या मनातच आहे सगळं.

म्हटलं, चला. स्नायूंचाच जबाब नोंदवून घेऊ.

आधी चालून दाखव!

खांद्याचं नंतर, आधी लॅबची टूर. छताजवळ चारी बाजूंनी कॅमेरे. मैत्रिणीने माझ्या घोट्यांवर, गुडघ्यांवर, कमरेवर, खांद्यांवर शाबुदाण्याच्या वड्याहून बऱ्याच लहान, चमकणाऱ्या गोळ्या चिकटवल्या. हे मार्कर. कॅमेरे इन्फ्रारेड प्रकाश टाकतात, गोळ्या तो परत फेकतात आणि कॉम्प्युटर प्रत्येक गोळी कुठून कुठे गेली ते टिपत राहतो. स्क्रीनवर मी नव्हतेच. होती ती ठिपके आणि रेघांची एक काडीबाई. पण गंमत सांगू? आईने (ती माझ्यासोबत आली होती, त्याचं कारण पुढे कळेल) स्क्रीनकडे बघून लगेच म्हटलं, ‘‘हो, अशीच चालते ही. पाय आपटत.’’

पाय आपटण्याचाही हिशेब होता. जमिनीत फोर्स प्लेट बसवलेली असते. दिसायला साधी फरशी, पण पाय पडला की जमीन तुम्हाला उलट किती ढकलते ते मोजते. साध्या चालण्यातही हा आकडा आपल्या वजनाच्या थोडा वर जातो आणि धावताना तर दुप्पट-तिप्पट होतो. शरीराची हालचाल आणि तिच्यामागची बलं यांचा हा जो हिशेब, तो म्हणजे बायोमेकॅनिक्स. शाळेत तरफ आणि टेकूची गणितं घातली होती ना आपल्याला? तीच. फक्त इथे टेकू म्हणजे गुडघा आणि तरफ म्हणजे तंगडी.

हे वेड तसं जुनं आहे. घोडा पळताना त्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात का, या प्रश्नाचं उत्तर एडवर्ड मायब्रिजने 1878 मध्ये कॅलिफोर्नियात ओळीने लावलेल्या कॅमेऱ्यांनी दिलं. (असतात!) त्यानंतर 1880 च्या दशकात फ्रान्समध्ये एतियेन-ज्यूल मारे या शास्त्रज्ञाने माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळा पोशाख घातला, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि एकाच प्लेटवर एकामागून एक फोटो घेतले. पोशाख नाहीसा, पट्ट्या तेवढ्या दिसतात. म्हणजे माझी काडीबाई जवळजवळ दीडशे वर्षांची म्हातारी निघाली की!

पण कॅमेरा फक्त हाडं कुठे गेली ते सांगतो. ती नेली कुणी, हे सांगत नाही. त्यासाठी स्नायूंकडेच जावं लागतं.

स्नायूंची कुजबुज

प्रत्येक स्नायू कामाला लागताना त्याच्यात विजेची एक बारीकशी लाट उठते. लुइजी गॅल्व्हानीने बेडकाच्या पायावरचे आपले प्रयोग 1791 मध्ये छापले, तेव्हापासून वीज आणि स्नायू यांचं लफडं जगाला ठाऊक आहे. माणसाच्या स्नायूतली ही वीज मोजून दाखवली ती जर्मनीच्या एमिल द्यु ब्वा-रेमाँने, 1840 च्या दशकाच्या अखेरीला. पण कातडी मध्ये येत होती, सिग्नल फार क्षीण. मग पठ्ठ्याने काय करावं? हातावर फोड आणून वरची कातडीच काढून टाकली! हे ऐकल्यावर मी स्पिरिटच्या बोळ्याबद्दलची तक्रार बिनशर्त मागे घेतली.

आता या तंत्राला इलेक्ट्रोमायोग्राफी म्हणतात, लाडाने ईएमजी. मानेच्या तळाशी जो मणका बोटाला टचकन लागतो, तिथपासून खांद्याच्या टोकाच्या हाडापर्यंत मैत्रिणीने टेपने अंतर मोजलं आणि बरोब्बर मध्यावर दोन इलेक्ट्रोड चिकटवले, एकमेकांपासून दोन सेंटिमीटरवर. ही जागा म्हणजे ट्रॅपिझियस या स्नायूचा वरचा भाग. मानेपासून पाठीपर्यंत शालीसारखा पसरलेला हा स्नायू आपले खांदे वर उचलून धरतो. एक जादाचा इलेक्ट्रोड मणक्यावर, तुलनेसाठी.

स्क्रीनवर एक रेघ आली, केसाळ सुरवंटासारखी. मैत्रीण समजावत होती. कातडीवरून मिळणारा हा सिग्नल मिलिव्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कितीतरी कमी. पेन्सिल सेलच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळा! त्यात आपल्याकडच्या लाइटची 50 हर्ट्झची घरघर मिसळते, हृदयाचे ठोके मिसळतात, शेजारच्या स्नायूची बडबडही येते. म्हणून घासणं, म्हणून मोजून चिकटवणं, म्हणून एकेका सेकंदाला हजार किंवा जास्त वेळा नोंद.

‘‘आता जीव खाऊन खांदा वर उचल. मी दाबून धरते.’’

मी उचलला. सुरवंटाचा अजगर झाला. ही माझी शंभर टक्के ताकद. पुढचं सगळं याच्याशी ताडून बघायचं, कारण दोन माणसांचे कच्चे आकडे एकमेकांशी तुलना करण्याच्या लायकीचे नसतात. कातडीची जाडी वेगळी, चरबी वेगळी. (धन्यवाद, कळलं.)

रेघ सपाट का होत नाही?

मग खरा प्रयोग. समोर लॅपटॉप, कानाला हेडफोन, मी माझं नेहमीचं ट्रान्स्क्रिप्शन सुरू केलं. मला वाटत होतं, आता अजगर दिसणार आणि मी त्याचा फोटो काढून काकांना पाठवणार.

कसचं काय! आकडा जेमतेम दोन-तीन टक्के. माझा चेहरा पडला. म्हणजे खरंच नाटक करतेय की काय मी?

‘‘उंची बघू नकोस,’’ मैत्रीण म्हणाली, ‘‘खाली कधी जाते ते बघ.’’

मी बघत राहिले. रेघ खाली जातच नव्हती. पॅराग्राफ संपला, ऑडिओ थांबवला, हात मांडीवर ठेवले, रेघ तशीच थरथरत. ‘‘आता काही करू नकोस. आराम कर.’’ मी आराम केला. म्हणजे आपण करतो तसा, फोन उचलून. रेघ वर. फोन खाली ठेवायला लावला आणि तिने सांगितलं, ‘‘सातशेमधून सात-सात वजा करत जा, मोठ्याने. चुकलीस तर पहिल्यापासून.’’ हात हलत नाहीत, मान हलत नाही, फक्त डोकं चालतंय. रेघ पुन्हा वर! स्वीडनमध्ये 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही हेच दिसलं होतं. नुसती गणितं घातली, डोक्याला ताण दिला, की ट्रॅपिझियस कामाला लागतो. म्हणजे बॉसचा मेल वाचताना आपण खांदे कानापर्यंत नेतो ना, ते फक्त कार्टूनमध्ये होत नाही.

स्नायूला क्षणभराची सुट्टी मिळते का, हे मोजायची एक पद्धत आहे. सिग्नल कमाल ताकदीच्या अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेला आणि सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी तिथे टिकला, तर ती एक ‘गॅप’. नॉर्वेतल्या संशोधकांनी कारखान्यात पॅकिंगच्या कामावर नव्याने लागलेल्या बायकांच्या खांद्यांच्या अशा नोंदी ठेवल्या आणि वर्षभर त्यांचा माग घेतला. 1993 मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांचा खांदा पुढे दुखू लागला, त्यांच्या नोंदींमध्ये या गॅप्स आधीपासूनच कमी होत्या. काम सगळ्यांचं सारखंच. ओझं म्हणावं तर काहीच नाही. फरक त्या इवल्याशा सुट्ट्यांचा.

लग्नघरातली मोठी काकू

पण दोन टक्क्यांच्या कामाने स्नायू दुखावा कसा? अख्खा स्नायू तर मजेत असला पाहिजे!

उत्तर असं, की अख्खा स्नायू कामाला लागतच नाही. एक मज्जापेशी आणि तिच्या हुकमतीतले स्नायूतंतू मिळून एक टीम होते, तिला मोटर युनिट म्हणतात. थोडं काम असलं की छोट्या टीमला बोलावणं जातं. काम वाढलं की मोठ्या टीम येतात आणि काम उतरलं की मोठ्या आधी घरी जातात. छोट्या सर्वांत आधी हजर, सर्वांत शेवटी मोकळ्या. स्वीडनच्या योरान हेग यांनी 1991 मध्ये यावरून एक तर्क मांडला. हलकं पण अखंड काम असेल तर याच छोट्या टीम दिवसभर राबत राहतात आणि थकून दुखावतात. या तर्काचं नावच आहे सिंड्रेला! सगळ्यांच्या आधी उठणारी, सगळ्यांच्या नंतर झोपणारी.

आपल्याकडे सिंड्रेला कशाला हवी? लग्नघरातली मोठी काकू आठवा. पहाटे पाणी तापवायला पहिली तीच आणि रात्री उरलेले लाडू डब्यात भरणारीही तीच. वरात नाचून गेली, तिला कुणी विचारलंही नाही.

हा तर्क आहे, सिद्ध झालेला नियम नव्हे, असं मैत्रिणीने दोनदा बजावलं. दुखण्यामागे झोप, ताण, जुनी दुखापत, रक्तपुरवठा अशी पुष्कळ कारणं असतात. पण माझी ती न झोपणारी रेघ समोर होती आणि काकू काही डोक्यातून जाईना.

आई, पोळपाट आणि डोंगरदऱ्या

आता आईचं कारण. मैत्रिणीला घरकामाच्या हालचालींसाठी साठीतल्या बायका हव्या होत्या. लॅबच्या कपाटातून तिने चक्क पोळपाट-लाटणं काढलं. आईने आधी लाटणं उलटसुलट करून बघितलं, ‘‘फार जड आहे गं हे,’’ म्हणून नापसंती नोंदवली आणि मग कणकेच्या गोळ्यावर तुटून पडली.

तिची रेघ! डोंगर आणि दऱ्या. लाटताना माझ्या कितीतरी वर आणि पोळी उचलून (नसलेल्या) तव्यावर टाकली की धाडकन खाली. पीठ लावताना खाली. मैत्रिणीशी गप्पा मारायला थांबली की खाली. माझ्याहून कष्टाचं काम आणि तरी मध्येमध्ये खांदा चक्क डुलकी काढत होता.

‘‘काकू, तुमचा खांदा सुट्टी घेतो मध्येमध्ये.’’

‘‘घेऊ दे की बाई,’’ आई म्हणाली, ‘‘दुसरं कोण देतंय सुट्टी?’’

मी लगेच निष्कर्ष काढायच्या तयारीत होते, घरकाम आरोग्याला बरं वगैरे. मैत्रिणीने तिथेच अडवलं. ‘‘दोन माणसांवरून काही ठरवायचं नसतं. काकूंचे गुडघे विचार, ते वेगळंच सांगतील.’’ आईने जोरात मान हलवली. हेही खरंच.

मग मिळाला का पुरावा?

निघताना मी ग्राफचा प्रिंट मागितला. ‘‘हा दाखवून सांगू ना सगळ्यांना, की खरंच दुखतं?’’

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘हा दुखण्याचा पुरावा नाहीये. ईएमजी वेदना मोजत नाही. अशीच रेघ असलेली आणि काहीही न दुखणारी माणसं मिळतील तुला. हा फक्त तुझा स्नायू कधी जागा होता, त्याचा हजेरीपट आहे.’’

मी खरं सांगू? मला रडूच आलं. आठ महिने ज्याची वाट बघत होते तो कागद हातात होता आणि तो माझ्या बाजूने साक्ष देत नव्हता. तेव्हा आई पोळपाट पुसता पुसता म्हणाली, ‘‘पुरावा कुणाला हवाय? दुखतंय म्हणालीस तेव्हाच मला कळलं होतं. म्हणून तर काम सोड म्हणत होते.’’

आठ महिने मी ते वाक्य ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं ऐकत होते. काय म्हणावं!

काम सोडणं मला परवडणार नाही, हे तिलाही माहीत आहे. मग त्या दिवशी आम्ही तिघींनी मिळून दुसरंच काहीतरी केलं. मैत्रिणीने रेघ माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, ‘‘सपाट करून दाखव.’’ वीस मिनिटं लागली. खांदे पाडले, नाही. श्वास सोडला, नाही. दात आवळलेत हे लक्षात आलं, सोडले, थोडीशी. हात पूर्ण टेबलावर टाकून दिले, जणू माझे नाहीतच, आणि रेघ खाली गेली. दोन सेकंद. मला आठवत नाही तेव्हापासून माझा खांदा पहिल्यांदा ऑफलाइन गेला होता.

आज खांदा दुखायचा पूर्ण थांबलाय का? नाही. पण दर ऑडिओ फाइलच्या शेवटी मी हात टेबलावर टाकून देते. नवीन क्लायंटला रात्री अकरानंतरची डेडलाइन चालणार नाही असं कळवलंय. दोघांपैकी एक हो म्हणाला. दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघताना खांदे पुन्हा कानापर्यंत गेले होते, ते खाली आणले. तुमचे कुठे आहेत आत्ता, हे वाचताना? बघा जरा!

चौकट : खांद्याला सुट्टी द्यायची तर…

• लॅपटॉप स्टँडवर किंवा जाडजूड पुस्तकांवर, की-बोर्ड वेगळा. कोपर ते मनगट टेबलावर टेकलेलं असू द्या, हातांचं वजन खांद्याने कशाला वाहायचं?

• फोन डोळ्यांसमोर आणा, डोळे फोनकडे नेऊ नका. डोकं पाचेक किलोचं असतं. पाण्याची कळशी कमरेशी धरणं आणि हात लांब करून धरणं यात जो फरक, तोच ताठ मान आणि झुकलेली मान यात. 2014 मध्ये एका अमेरिकी सर्जनने कॉम्प्युटर मॉडेलवर काढलेल्या अंदाजानुसार मान 60 अंश झुकली की मणक्यावर 27 किलोच्या आसपास भार येतो. तो अंदाज आहे, प्रत्यक्ष माप नव्हे. पण मुद्दा लक्षात आला ना?

• एक ‘परफेक्ट पोश्चर’ शोधत बसू नका. बदलत राहा. दर अर्ध्या तासाने उठा आणि ब्रेकमध्ये फोन घेऊ नका, तो ब्रेक नव्हे!

• आराम म्हणजे नुसतं पडून राहणं नाही. डेन्मार्कमधल्या 2008 च्या एका अभ्यासात, मान-खांदा दुखणाऱ्या बायकांनी दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटं खांद्यांचे डंबेल व्यायाम केले आणि दुखणं लक्षणीय कमी झालं. 2011 मध्ये तिथल्याच संशोधकांना दिसलं, की रबरी बँडने रोज फक्त दोन मिनिटं व्यायाम करूनही फायदा होतो. सुरुवात मात्र फिजिओथेरपिस्टला विचारूनच करा.

• हाताला मुंग्या, बधिरपणा, पकड सैल होणं, रात्री झोपमोड करणारा ठणका असेल तर टिप्स बाजूला ठेवा आणि थेट डॉक्टर गाठा.